कचऱ्याच्या पिशव्या आमच्याकडे

भाजणी शुभदाने स्वतःकडे ठेवली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा केतकीकडे दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कचऱ्याच्या पिशव्या आण. आणि टिश्यू. आणि हो, कागदी ताटल्या."

मी म्हणाले, "चालेल."

कुणी थोबाडीत मारावी आणि आपण थँक्यू म्हणावं, तसं मी ते म्हणाले. वर हसले पण.

सिंगापूरच्या सेरंगून भागात शुभदाचा फ्लॅट आहे. रविवारची सकाळ होती. आम्ही तीन घरची माणसं तिच्या हॉलमध्ये बसलो होतो. जूनमध्ये मुलांना शाळेची मोठी सुट्टी लागते, तेव्हा सगळ्यांनी मिळून व्हिएन्नाला जायचं ठरलं होतं. शुभदा आणि तिचा नवरा अनिरुद्ध. केतकी, तिचा नवरा आणि पुण्याहून येणाऱ्या तिच्या सासूबाई. आणि आम्ही. मी, माझा नवरा संदीप आणि आमची चारू. चारू पाचवीत आहे. शुभदाची ईशा तिच्याच वर्गात. या दोघी एकमेकींशिवाय पाणी पीत नाहीत. ट्रिपची कल्पनाही त्यांचीच. ट्राममध्ये शेजारी शेजारी बसायचं, खिडकीतून राजवाडे बघायचे, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. खिडकीशी कोण बसणार यावरून भांडूनही झालं होतं.

मी अकाउंटंट आहे. माझ्या कंपनीचं मुख्य ऑफिस व्हिएन्नात. कामासाठी दोनदा तिथे राहून आले. म्हणून सगळ्यांना मी हवी होते. "तू असलीस की आम्हाला टेन्शन नाही," शुभदाच म्हणायची. मलाही ते आवडायचं, का खोटं बोलू? आयुष्यात पहिल्यांदा अशा लोकांना मी रस्ता दाखवणार होते. विमानतळावरून शहरात दोन गाड्या जातात, एक महागडी आणि एक साधी, दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणाहून सुटतात, चुकून महागडीत बसू नका. आपल्या एमआरटी मेट्रोसारखी तिथे फाटकं नाहीत, कार्ड टेकवायचं नाही, पण तिकिटावर मशीनमधून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तपासनीस धरतो. सरकत्या जिन्यावर इथे डावीकडे उभं राहतो, तिथे उजवीकडे. ट्रामचं दार आपण होऊन उघडत नाही, बटण दाबा. हे सगळं मी इतक्या उत्साहाने सांगितलं होतं. आणि हेही मीच सांगितलं होतं की आपण शनिवारी संध्याकाळी पोचतोय, रविवारी तिथली दुकानं बंद असतात, पहिले दोन दिवस पुरेल इतकं खायचं बरोबर न्यावं लागेल.

त्यावरूनच ही खाण्याची वाटणी निघाली. म्हणजे मीच खड्डा खणला आणि मीच त्यात पडले.

मी बोलून तरी बघितलं. "मी धपाटे आणते की. माझे धपाटे टिकतात. लिटिल इंडियात ज्वारीचं पीठ चांगलं मिळतं."

"नको गं, तू कशाला त्रास घेतेस?" शुभदा म्हणाली. आवाज किती गोड. "तुझ्याकडे रूटचं केवढं काम आहे."

केतकी तिच्या फोनकडे बघत होती. फोनवर काही नव्हतं. मग हळूच म्हणाली, "माझ्या सासूबाई येतायत ना, त्यांचं जरा असतं. आम्ही नाही मानत हं असलं काही."

असलं काही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मला जन्मापासून माहितीये ते.

मी अक्कल पाजळली ती भलतीकडेच. म्हणाले, "तिथल्या अपार्टमेंटमध्ये ताटल्या आहेत. फोटोत दिसतायत. कागदी कशाला?"

अनिरुद्धने पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली. संदीपने माझ्या गुडघ्याला हळूच गुडघा लावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताटल्या होत्या. त्यांच्यासाठी होत्या. कागदी आमच्यासाठी होत्या. त्या माझ्याच हाताने विकत आणून, माझ्याच बॅगेतून न्यायच्या होत्या.

तरी मी पुढे गाड्यांच्या वेळा सांगत बसले. काय करणार? आतल्या खोलीत चारू आणि ईशा खिदळत होत्या.

आधी असं नव्हतं. चायनीज न्यू इयरच्या सुमाराला ट्रिप ठरली, तेव्हा पुरणपोळ्या मी करायच्या असं शुभदाच म्हणाली होती. केतकी आणि मी दर शुक्रवारी हॉकर सेंटरला एकत्र चिकन राइस खातो. खायचो. एका वाटीतली मिरचीची चटणी दोघींनी घेतलीय. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. चाचपून बघायचे सगळे. मूळ गाव कुठलं? तुमच्यात लग्न सकाळी लागतं की संध्याकाळी? घरी देव कुणाचे? संदीप असल्या प्रश्नांवर सराईतपणे विषय बदलतो. फोटो आतल्या खोलीत लावू, हेही त्याचंच. निळ्या कोटातला फोटो आणि बुद्धाची लहान मूर्ती, दोन्ही आमच्या बेडरूममध्ये. पाहुणे आले की बेडरूमचं दार बंद.

मग मे महिन्यात वेसाकची सुट्टी आली. इथे बुद्धपौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. शुभदाने चारूला पोहायला बोलावलं. चारू फोनवर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत खुशाल म्हणाली, "कॅनॉट, आंटी. वेसाक इज अवर बिग डे. वुई वेअर व्हाइट अँड गो विहारा." मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं. हातातली पळी हातातच राहिली. पलीकडून शुभदा म्हणाली, "ओह, नाइस." तेवढंच. लेकराने काय चुकीचं सांगितलं? जे आहे ते सांगितलं. तिला कुठे माहीत होतं की आपल्या घरातल्या सणाचं नाव घेतलं की लोकांच्या स्वयंपाकघराचं दार बंद होतं.

त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे हा. कचऱ्याच्या पिशव्यांचा.

मेट्रोने पुंगोलला घरी परत येताना संदीप म्हणाला, "सोडून दे. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"ताटल्या आपल्यासाठी होत्या, कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? अनिरुद्ध ऑफिसात माझ्या दोन पायऱ्या वर आहे. माझा इथला कामाचा पास रिन्यू व्हायचाय. आणि चारूला काय सांगणार आहेस?"

चारू समोरच्या सीटवर बसून ईशाने दिलेली रंगीत पेन्सिल बघत होती. त्या लोकांचे सिंगापूरचे लाल पासपोर्ट, त्यांना व्हिसा नको. आम्ही तिघं व्हिसाच्या रांगेत उभे राहिलो होतो, मी आणि संदीपने बोटांचे ठसे दिले होते. चारू त्या दिवशी नवा फ्रॉक घालून आली होती, फोटो काढतात म्हणून. हे सगळं मोडून तिला काय सांगू? तुझ्या मैत्रिणीच्या आईला आपला हात लागलेलं चालत नाही?

माझी आई आठवली. आम्ही पिंपरीला राहायचो. आई-वडील सोलापूरकडचे. माझ्या शाळेत आयांची पाककला स्पर्धा होती. आईने शेंगा-पोळ्या केल्या, इस्त्रीची साडी नेसली. परीक्षक बाई टेबलाटेबलाशी थांबून चमच्याने चाखत चालल्या होत्या. आमच्या टेबलाशी थांबल्या, वास घेतला, छान म्हणाल्या, गुण लिहिले आणि पुढे गेल्या. चमचा कोराच. आई डबा परत घेऊन आली. घरी येऊन म्हणाली, "बरं झालं, आपल्याला जास्त आल्या." आम्ही भावंडं खूश. पोटभर खाल्लं. आईने एकही खाल्ली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मी शिकले, सीए झाले, समुद्र ओलांडून आले. चकचकीत शहर, लिफ्ट, एअर-कंडिशन्ड ऑफिस. आणि इथे मी आईच्याच टेबलाशी उभी.

आणखी एक गंमत सांगते. मांस आणि दुधाचं काही त्या देशात नेता येत नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. म्हणजे तुम्ही नॉनव्हेजवाले म्हणून वेगळे, असं म्हणायचीही सोय नव्हती. कुणीच काही नेणार नव्हतं. पण केतकीच्या सासूबाईंना वरणभातावर तूप लागतं. तर तुपाची बरणी कपड्यांच्या घडीत लपवून न्यायचं ठरलं. एका देशाचा कायदा तुपासाठी मोडायला ही माणसं तयार. आणि माझा धपाटा चालत नाही, हा नियम मात्र मोडवत नाही. तो कुठे लिहिलेलाही नाही.

मग मी ठरवलं, यांना घरी बोलवायचं. "रूट नीट समजावून सांगते, माझ्याकडे मोठा स्क्रीन आहे," असा मेसेज टाकला. संदीप म्हणाला, "कशाला परीक्षा घेतेस लोकांची?" मी म्हणाले, "माझी रोज होते. एकदा त्यांची होऊ दे." खरं सांगायचं तर मनात मला वाटत होतं की ते खातील. सासूबाई तर अजून पुण्यातच होत्या. आड यायला कुणी नव्हतं. आम्ही नाही मानत, म्हणाली होती ना केतकी. मी वेड्यासारखी आशा धरून होते.

शनिवारी सगळे आले. सकाळपासून मी धपाटे लाटत होते. लसूण, तीळ, कोथिंबीर. शेंगदाण्याचा ठेचा. घरभर वास सुटला होता. दारातच शुभदा म्हणाली, "आम्ही आत्ताच जेवून आलो गं, पोट तुडुंब आहे." केतकीचं तेच. पाणी विचारलं तर सगळ्यांच्या पर्समधून बाटल्या निघाल्या. पुंगोलच्या फ्लॅटमध्ये नळाला तेच पाणी येतं जे सेरंगूनला येतं. एकाच धरणाचं.

मी स्क्रीन लावला आणि सुरू केलं. विमानतळ, साधी गाडी, कुठे उतरायचं, तिथून ट्राम.

चारू ताटली घेऊन हॉलभर फिरत होती. तिला मीच सांगितलं होतं पाहुण्यांना दे म्हणून. "टेक लाह, आंटी. ममा मेड." वाक्यात लाह घालायची इथल्या मुलांसारखी तिलाही सवय. केतकीने नको म्हणून मान हलवली. अनिरुद्ध मोबाइलमध्ये घुसला. ईशाने मात्र हात घातला. एक धपाटा उचलला, तुकडा तोडला, ठेच्यात बुडवला. तोंडाशी नेला.

शुभदाने तिचं मनगट धरलं.

"ईशा, नो. युवर स्टमक."

"माय स्टमक इज फाइन," ईशा म्हणाली.

शुभदाने तिच्या बोटांतून तुकडा काढून घेतला, उरलेला धपाटाही घेतला, पर्समधल्या टिश्यूत गुंडाळला. ईशाची बोटं पुसली. एकेक बोट. मग तो टिश्यू हातात धरून इकडेतिकडे बघायला लागली. कुठे टाकायचं ते तिला कळेना.

चारू पुढे झाली. माझी गुणी पोर. शाळेत शिकवतात ना, पाहुण्यांना मदत करा. हात पुढे करून म्हणाली, "आय थ्रो फॉर यू, आंटी."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला. मी सकाळी लाटलेला धपाटा माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला, आणि शुभदा तिला म्हणाली, "थँक्यू, बेटा."

मी तिकिटावर शिक्का कसा मारायचा ते सांगत होते. माझं वाक्य तिथेच थांबलं.

"मग?" अनिरुद्ध म्हणाला. "शिक्का मारला. पुढे? उजवीकडे की डावीकडे?"

मी स्क्रीन बंद केला.

"शुभदा, काय झालं त्या धपाट्याला?"

"अगं, काही नाही. तिचं पोट जरा..."

"तिचं पोट ठीक आहे. तीच म्हणाली. आम्ही बौद्ध आहोत, हे तुला वेसाकला कळलं. तोवर पुरणपोळ्या माझ्याकडे होत्या. नंतर पिशव्या आल्या."

"काय हे, मुलांसमोर," शुभदा म्हणाली.

"मुलांसमोरच केलंस तू."

अनिरुद्ध उठला. "सिंगापूरमध्ये बसून तू जात काढतेस? कमाल आहे. आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं."

म्हणजे जात मी काढली. बोटं तिने पुसली, ताटल्या तिने वेगळ्या केल्या, आणि जात काढली मी. रडू यायला लागलं होतं, ते मी दात आवळून थोपवलं.

एवढंच म्हणाले, "मी तुमच्याबरोबर येणार नाही. माझी माणसंही येणार नाहीत. रस्ता तुमचा तुम्ही शोधा."

ते गेले. ईशा मागे वळून वळून बघत होती. केतकी चपला घालायला उगाच रेंगाळली. "मला वाईट वाटतंय गं," म्हणाली, "पण..." लिफ्ट आली, ती गेली.

त्यानंतर फार मोठं काही झालं असं समजू नका. कुणी माफी मागितली नाही. ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप शांत झाला. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांनी दुसरा ग्रुप केलाय. अनिरुद्ध ऑफिसात संदीपशी कामापुरतं बोलतो, जेवायला हाक मारत नाही. पासचं काय होईल ते आम्हाला माहीत नाही. संदीप मला एका शब्दाने बोलला नाही, पण जेवताना त्याचा हात मध्येच थांबतो. त्याला विचारलं तर म्हणतो, काही नाही. मी काय करू शकते? काही नाही. हेच खरं आहे. मी त्याची नोकरी वाचवू शकत नाही आणि शुभदाचं मन बदलू शकत नाही.

व्हिएन्नाला आम्ही जातोय. पुढच्या आठवड्यात, त्याच विमानाने. तिकिटं तीच आहेत. राहायला स्टेशनजवळ एक खोली मिळाली, तिला शेगडी आहे. बास झालं. विमानात कोण कुठे बसणार देव जाणे. ट्राममध्ये समोरासमोर आलो तर काय करायचं, तेही मी ठरवलेलं नाही. भीती वाटते. खोटं कशाला सांगू?

पण जे सांगायचंय ते हे नाही.

ते गेले त्या संध्याकाळी आम्ही इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकच्या बाकावर बसलो होतो, मी आणि चारू. ती म्हणाली, "व्हाय कॅनॉट ईशा ईट अवर फूड?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आजीच्या शेंगा-पोळ्यांचंही. तिच्या इंग्रजीत यातल्या निम्म्या गोष्टींना शब्दच नाहीत, म्हणून मराठीत सांगितलं, सोपं करून. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "बट आय नेव्हर डू एनीथिंग." मी म्हणाले, "नाही केलंस." तिने विचारलं, आंटी सॉरी म्हणेल का? मी म्हणाले, "नाही म्हणणार."

बराच वेळ ती चपलेने फरशीवर रेघा ओढत बसली. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी छान सुचल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. तिला माझी मदत करायची होती. हळू आवाजात म्हणाली, "नेक्स्ट टाइम आय डोन्ट से लाह. पीपल आस्क, आय जस्ट कीप क्वायट. कॅन? देन ईशा स्टिल फ्रेंड विथ मी."

माझ्या अंगावर काटा आला. शुभदाने बोटं पुसली तेव्हा आला नव्हता. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी एक धपाटा कचऱ्यात टाकला आणि संध्याकाळपर्यंत ती स्वतःच शिकली, दहा वर्षांची पोर. संदीपला ते शिकायला कॉलेज लागलं होतं. मला माझी पहिली नोकरी.

मी म्हणाले, "नो. कॅनॉट."

ती रडायला लागली. म्हणाली, मग मला मैत्रीण राहणार नाही. मी तिला राहील म्हणाले नाही. मला माहीत नाही राहील की नाही. बहुतेक नाही राहणार. मी तिला जवळ घेतलं तर तिने अंग आक्रसून घेतलं. ती माझ्यावर चिडली होती, शुभदावर नाही. ते मी सहन केलं.

विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तरी सांगायचं. वर्गात, ऑफिसात, कुणाच्या हॉलमध्ये बसल्याबसल्या, जेवणाची वाटणी व्हायच्या आधी. मैत्रिणी जातील. संदीपची नोकरी गेली तर जाईल, मग पुन्हा बॅगा भरू. पोर वर्षभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. गप्प बसायला मी तिला शिकवणार नाही. कुणी शिकवायला आलं, तर ते या घरातलं असो की बाहेरचं, त्याची गाठ माझ्याशी आहे.